तळटाकीचे गणित

शहरातील इमारतीत पाण्याच्या दोन टाक्या असतात. एक गच्चीवर आणि दुसरी तळाशी, जमिनीत. खालचे पाणी पंपाने वर चढवायचे आणि वरून ते नळांना उताराने येऊ द्यायचे, अशी ही व्यवस्था. पंप बंद करायला कोणी विसरले की गच्चीवरून धबधबा सुरू होतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

अशीच दोन टाक्यांची जोडी समुद्रातील प्रवाळ पाळणाऱ्या छंदिष्टांच्या घरी असते. अमेरिका, जर्मनी, जपान या देशांत हा छंद बराच पसरलेला आहे. दिवाणखान्यात एक काचेची टाकी, तीत खडक, त्यांवर रंगीबेरंगी जिवंत प्रवाळ आणि त्यांच्यामधून फिरणारे मासे. पाहणाऱ्याला दिसते ती एवढीच. परंतु टाकीखालच्या कपाटाचे दार उघडले की आत दुसरी टाकी दिसते. हिला तेथील लोक ‘सम्प’ म्हणतात. आपण तिला तळटाकी म्हणू. वरच्या टाकीतील पाणी सतत सांडून खाली येते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. हे चक्र रात्रंदिवस चालू असते.

ही तळटाकी किती मोठी असावी? आणि तिच्यातून तासाला किती पाणी फिरवावे? प्रश्न साधे वाटतात. पण उत्तर चुकले तर एखाद्या रात्री वीज जाते आणि सकाळी घरभर खारे पाणी पसरलेले असते. किंवा त्याहून वाईट म्हणजे प्रवाळ मरतात. या प्रश्नांची उत्तरे काढायला शाळेत शिकलेले घनफळ, वक्रनलिका आणि उष्णतेचे गणित एवढेच पुरते.

तळटाकी हवीच कशाला?

प्रवाळ हा प्राणी आहे. तो एका जागी चिकटून राहतो, चुन्याचा सांगाडा बांधतो आणि त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल उजेडात अन्न तयार करून त्याचा मोठा वाटा यजमानाला देते. प्रवाळभित्तीजवळचे समुद्राचे पाणी स्वच्छ, उबदार आणि जवळजवळ न बदलणारे असते. म्हणून प्रवाळांना पाण्यातील बदल सोसत नाहीत.

टाकीत मात्र बदल लवकर होतात. मासे अमोनिया टाकतात. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. उरलेले अन्न कुजते. समुद्रात हे सारे अफाट पाण्यात विरून जाते, टाकीत ते साठते. म्हणून पाण्याचा साठा जितका मोठा तितका बदल सावकाश. तळटाकीने साठा वाढतो, हा तिचा पहिला उपयोग.

दुसरा उपयोग म्हणजे यंत्रसामग्री ठेवायला जागा. पाणी तापवणारा हीटर, शैवाल वाढवायचा कप्पा आणि ‘स्किमर’ नावाचे फेस काढणारे उपकरण या टाकीत बसवतात. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राच्या काठी पिवळसर फेस जमतो, तो आठवा. पाण्यात विरघळलेली काही सेंद्रिय द्रव्ये बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि त्यांचा फेस होतो. स्किमर हेच काम एका नळकांड्यात करतो आणि घाण कुजण्यापूर्वीच फेसाबरोबर बाहेर काढतो.

तिसरा उपयोग चटकन ध्यानात येत नाही. वरच्या टाकीतून पाणी खाली येते ते टाकीच्या काठाजवळील एका खाचेवरून, धरणाच्या सांडव्यावरून यावे तसे. त्यामुळे पृष्ठभागावर जमणारा तेलकट थर सतत निघून जातो आणि हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळायला वाट मोकळी राहते.

प्रवाळ पाळण्याचे प्रयत्न काही फार जुने नाहीत. इंडोनेशियातील जकार्ता येथील ली चिन एंग यांनी जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांवर आपल्या टाकीत प्रवाळ टिकवले. त्यांनी 1961 मध्ये त्याबद्दल लेख लिहिला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात वॉल्टर एडी यांनी 1980 मध्ये प्रवाळभित्तीचे एक जिवंत प्रारूप लोकांसाठी उभे केले. त्यानंतरच्या काळात तळटाकी आणि स्किमर यांचा वापर घरोघरच्या टाक्यांत रूढ झाला.

वीज जाते तेव्हा

आता गणिताकडे वळू. समजा, वरची टाकी 120 से.मी. लांब, 50 से.मी. रुंद आणि 55 से.मी. उंच आहे. पंप चालू असताना पाणी 50 से.मी. उंचीवर असते. खडकांनी अडवलेली जागा सोपेपणासाठी सोडून देऊ. मग पाणी 120 × 50 × 50 = 3,00,000 घन से.मी., म्हणजे 300 लिटर झाले. पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ 6,000 चौ. से.मी. आहे. म्हणून पातळी 1 से.मी. उतरली की 6 लिटर पाणी कमी होते. हा 6चा आकडा लक्षात ठेवा.

तळटाकी 75 × 40 × 40 से.मी. मापाची घेऊ. तिच्यात काठोकाठ 120 लिटर मावतील. पंप चालू असताना तिच्यात 20 से.मी. पाणी, म्हणजे 60 लिटर ठेवले आहे. उरलेले 60 लिटर मोकळे आहेत. ही मोकळी जागा वाया गेली असे नवख्याला वाटते, आणि तो ती भरून टाकतो. तेथेच चूक होते.

वीज गेली, पंप थांबला. सांडव्यावरून वाहणारे पाणी त्याच्या कडेच्या साधारण 1 से.मी. वर असते. ते कडेपर्यंत उतरते आणि 6 लिटर खाली येतात. पण एवढ्यावर भागत नाही. पंपापासून वर गेलेली नळी पाण्याने भरलेली आहे. तिचे एक तोंड वरच्या टाकीच्या पाण्यात आणि दुसरे तळटाकीत. ही तर आयती वक्रनलिका झाली! आता पाणी त्याच नळीतून उलटे खाली येऊ लागते. ते केव्हा थांबेल? वरच्या टाकीतील पातळी नळीच्या तोंडाखाली जाऊन तोंडात हवा शिरेल तेव्हा.

नळीचे तोंड पृष्ठभागाखाली 3 से.मी. असेल तर एकूण 3 × 6 = 18 लिटर पाणी खाली येईल. सांडव्याचे 6 लिटर त्यातच आले. नळ्यांतील आणि सांडव्याच्या खोक्यातील पाणी 6 लिटर धरू. एकंदर 24 लिटर. तळटाकीचे क्षेत्रफळ 3,000 चौ. से.मी. आहे, म्हणजे तिच्यात 1 से.मी.ला 3 लिटर. पातळी 8 से.मी. चढेल आणि 28वर थांबेल. काहीही बिघडणार नाही.

आता समजा, खालच्या प्रवाळांपर्यंत पाणी पोचावे म्हणून कोणी ते तोंड 20 से.मी. खोल नेले. मग 20 × 6 = 120 लिटर आणि वर 6, असे 126 लिटर खाली येतील. मोकळी जागा 60 लिटरांची. बाकीचे 66 लिटर, म्हणजे चार-पाच बादल्या खारे पाणी जमिनीवर जाईल. शिवाय वीज परत आल्यावर वरची टाकी भरायला तळटाकीत पुरेसे पाणीही उरणार नाही.

यावर दोन उपाय सांगतात. एक म्हणजे नळीला पृष्ठभागाच्या किंचित खाली बारीक भोक पाडणे, म्हणजे पातळी थोडी उतरताच त्यातून हवा शिरते आणि वक्रनलिका तुटते. दुसरा म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवणे. दोन्ही उपाय चांगले, पण त्यांवर विसंबू नये. भोक शैवालाने किंवा एखाद्या गोगलगाईने बुजते. झडपेत चुन्याचा कण अडकतो आणि ती पुरती मिटत नाही. रिकामी जागा मात्र कधी बिघडत नाही. म्हणून पहिला नियम असा: भोक बुजले आहे आणि झडप अडकली आहे असे समजूनच तळटाकीची मोकळी जागा ठरवावी.

दुसरा पूर आणि वाफ

एक पूर खाली येतो, तसा दुसरा वर येऊ शकतो. सांडव्याच्या नळीत शैवालाचा गोळा अडकला आणि पाणी खाली येणे बंद झाले, पण पंप चालूच आहे. आता तो तळटाकीतील पाणी उपसून वर नेत राहील. येथे तळटाकी मोठी असणे हेच संकट ठरते.

समजा, तळटाकीत आडभिंती नाहीत आणि पाणी 8 से.मी. उरेपर्यंत पंप ते ओढू शकतो. म्हणजे 12 से.मी. उंचीचे पाणी वर जाईल. ते झाले 36 लिटर. वरच्या टाकीची पातळी 36 ÷ 6 = 6 से.मी. चढेल. पण काठ तर 5 से.मी.वरच आहे! 6 लिटर पाणी बाहेर सांडेल.

म्हणून तळटाकीत काचेच्या आडभिंती घालून कप्पे करतात. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात भिंतीवरून ओसंडत जाते आणि शेवटी पंपाच्या कप्प्यात पोचते. हा कप्पा 25 × 40 से.मी. क्षेत्रफळाचा केला तर त्यात 1 से.मी.ला 1 लिटर पाणी. पंप यातून फार तर 12 लिटर उपसेल, कारण अलीकडच्या कप्प्यांतील पाणी भिंतींनी अडवून धरले आहे. वरची पातळी फक्त 2 से.मी. चढेल. धोका टळला.

मग पंपाचा कप्पा अगदी लहान केला तर? तेही चालत नाही. टाकीतील पाण्याची रोज वाफ होते. वरच्या टाकीची पातळी सांडव्याने बांधून ठेवली आहे, इतर कप्प्यांची आडभिंतींनी. तेव्हा साऱ्या व्यवस्थेतील घट एकट्या पंपाच्या कप्प्यात दिसते. रोज 4 लिटर पाणी उडत असेल तर या कप्प्यात रोज 4 से.मी. घट होईल. तीन दिवसांत 12 से.मी. संपतील आणि पंप हवा ओढू लागेल. कप्पा निम्मा केला तर दीड दिवसातच ही वेळ येईल.

वाफेचे पाणी गोडे असते, मीठ मागेच राहते. समुद्राच्या पाण्याच्या एक किलोग्रॅममध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. आपल्या 360 लिटरांतून तीन दिवसांत 12 लिटर उडाले, तर क्षारांचे प्रमाण 35 × 360 ÷ 348, म्हणजे सुमारे 36.2 होईल. नऊ दिवस पाणी घातले नाही तर ते जवळजवळ 39 होईल. म्हणून घट भरून काढायची ती गोड्या पाण्याने. खारे पाणी घातले तर मीठ वाढतच जाईल.

पुष्कळ जण यासाठी संडासाच्या टाकीत असतो तसा तरंगता गोळा बसवतात. पातळी उतरली की गोडे पाणी आपोआप येते. हा गोळा अडकला तर? घराच्या नळाशी जोडलेला असेल तर अनर्थ. पण 20 लिटरच्या डब्याशी जोडलेला असेल तर जास्तीत जास्त 20 लिटर येतील. क्षार 35वरून सुमारे 33वर उतरतील, प्रवाळ वाचतील. आणि त्याच वेळी वीज गेली तरी 20 आणि 24 मिळून 44 लिटर, आपल्या 60 लिटरांच्या मोकळ्या जागेत मावतात. अपघात कधी कधी जोडीने येतात, म्हणून ही बेरीजही करून ठेवावी.

तासाला किती पाणी?

आता दुसरा प्रश्न. तळटाकीतून पाणी किती वेगाने फिरवावे? जितके जास्त तितके चांगले, असे वाटणे साहजिक आहे. हिशेब काय सांगतो ते पाहू.

तासाला 900 लिटर, म्हणजे वरच्या टाकीच्या तिप्पट पाणी फिरवले असे धरा. दर सेकंदाला पाव लिटर पाणी तळटाकीतून जाते. तेथे 100 वॉटचा हीटर आहे. एक लिटर समुद्राचे पाणी 1° से.ने तापवायला सुमारे 4,000 ज्यूल लागतात. पाव लिटरला 1,000. हीटर सेकंदाला 100 ज्यूल देतो. म्हणून तळटाकीतून जाताना पाणी 0.1° से.ने तापते. वरच्या आणि खालच्या टाकीत फरक एवढाच. प्रवाह तिप्पट केला तर हा फरक 0.03° होईल, त्याने प्रवाळांना काहीच लाभ नाही. उलट प्रवाह ताशी 90 लिटर इतका कमी केला तर फरक 1° होतो, तो मात्र चांगला नाही.

पाणी स्वच्छ करण्याचेही असेच आहे. टाकीतील पाण्याइतके पाणी एकदा तळटाकीतून गेले म्हणजे सर्व पाणी जाऊन आले असे नाही, कारण परत आलेले पाणी जुन्यात मिसळते. एका फेऱ्यात सुमारे 63 टक्के पाणी जाऊन येते, तीन फेऱ्यांत 95 टक्के. ताशी तीन फेरे म्हणजे तासाभरात जवळजवळ सगळे पाणी तळटाकीत डोकावून येते. दिवसाचे तास 24 आहेत. घाई कशासाठी?

घाईने तोटाच होतो. तळटाकीत 60 लिटर पाणी आहे. ताशी 900 लिटर प्रवाह असेल तर पाणी तेथे सरासरी 4 मिनिटे थांबते. ताशी 9,000 लिटर केला तर जेमतेम 24 सेकंद. एवढ्या वेळात बारीक बुडबुडे वर यायला सवड मिळत नाही, ते पंपातून वरच्या टाकीत जातात आणि पाणी दुधाळ दिसते. आवाज वाढतो, विजेचा खर्च वाढतो. म्हणून बहुतेक छंदिष्ट तळटाकीतून ताशी तीन ते पाचपट प्रवाह पुरेसा मानतात.

पंप निवडताना एक खबरदारी घ्यावी. खोक्यावर ‘ताशी 2,000 लिटर’ असे छापलेले असते, ते पाणी अजिबात वर चढवायचे नसताना. उंची वाढते तसा प्रवाह घटतो. जो पंप जास्तीत जास्त 3 मीटर पाणी चढवू शकतो, तो दीड मीटरवर साधारण निम्मेच पाणी देईल. नळीच्या वळणांनी आणखी घट होईल. खरा आकडा हवा तर सोपा मार्ग आहे. वर येणारे पाणी 10 लिटरच्या बादलीत धरा आणि घड्याळ पाहा. 40 सेकंदांत बादली भरली तर प्रवाह ताशी 900 लिटर.

मग प्रवाळांना प्रवाह कोठून?

येथे एक मोठा गैरसमज आहे. प्रवाळांना जोरदार प्रवाह हवा असतो हे खरे. जागेवरून हलता न येणाऱ्या प्राण्याला प्राणवायू आणि अन्न पाण्यानेच आणून द्यावे लागते. त्याच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. त्या थरातून वायू केवळ विसरणाने, म्हणजे फार हळू जातात. प्रवाह जोरदार असेल तर हा थर पातळ होतो. दिवसा प्रवाळातील शैवाल प्राणवायू तयार करते. रात्री ते थांबते, आणि प्रवाळाला सर्वस्वी बाहेरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. पोसिलोपोरासारखे प्रवाळ तर प्रवाहाप्रमाणे आपला आकारही बदलतात. खळाळत्या जागी त्यांच्या फांद्या जाड आणि दाट असतात, शांत जागी बारीक आणि विरळ.

पण हा प्रवाह तळटाकीच्या पंपाने मिळेल का? आपले सेकंदाला 250 घन से.मी. पाणी टाकीच्या 50 × 50 = 2,500 चौ. से.मी. छेदातून जाते असे धरले, तर वेग येतो सेकंदाला 0.1 से.मी., म्हणजे एक मिलिमीटर! मुंगीसुद्धा याहून वेगाने चालते. सेकंदाला 10 से.मी. वेग हवा असेल तर ताशी 90,000 लिटर पाणी वर चढवावे लागेल. घरात हे अशक्य आहे.

उपाय असा की हे पाणी वर चढवायचेच नाही. वरच्या टाकीतच पंख्यासारखी पाती असलेले पंप लावून तेच पाणी गोल फिरवायचे. उंचीविरुद्ध काम करावे लागत नसल्यामुळे थोड्या विजेत पुष्कळ पाणी हलते. असे दोन पंप समोरासमोर ठेवून आळीपाळीने चालवले की लाटांसारखी ये-जा होते. हवाई बेटांतील वायकिकी मत्स्यालयाचे ब्रूस कार्लसन यांनी तर वर ठेवलेल्या हौदातून वक्रनलिकेने मधूनमधून लोंढा सोडण्याची युक्ती रूढ केली. जी वक्रनलिका घरात पूर आणते, तीच येथे लाट आणते.

थोडक्यात, प्रवाह दोन प्रकारचे आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत. तळटाकीचा प्रवाह पाणी बदलण्यासाठी, तो मंद चालतो. टाकीतला प्रवाह प्रवाळांच्या श्वासासाठी, तो जोरदार आणि दिशा बदलणारा हवा. वीज गेली की दोन्ही थांबतात. अशा टाकीतील 300 लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू सगळा मिळून सुमारे 2 ग्रॅमच असतो. म्हणून जाणते छंदिष्ट बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप तयार ठेवतात.

आपल्याकडे

हे वाचून कोणाला वाटेल की मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा आणून असा प्रयोग करावा. तसे करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. ते तोडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यातील प्रवाळ तेथेच शोभतात, आणि तेथे त्यांना ना तळटाकी लागते ना पंप.

करून पाहा

1. दहा लिटरच्या बादलीत पाणी भरून त्यात शाई घाला. एक लिटरचा मग भरून रंगीत पाणी बाहेर काढा आणि तेवढेच स्वच्छ पाणी घालून ढवळा. असे दहा वेळा केल्यावर रंग नाहीसा होतो का? तो सुमारे 35 टक्के उरतो. वीस वेळांनंतर 12 टक्के, तीस वेळांनंतर 4 टक्के. हे आकडे 0.9 ही संख्या तितक्या वेळा स्वतःशी गुणून मिळवा.

2. स्टुलावर एक भांडे आणि जमिनीवर दुसरे ठेवून रबरी नळीने वक्रनलिका करा. नळीचे वरचे तोंड पाण्यात 2 से.मी. आणि मग 10 से.मी. बुडवून दोन्ही वेळा किती पाणी खाली येते ते मोजा. भांड्याच्या क्षेत्रफळावरून आधी उत्तर काढा, मग पडताळा पाहा.

3. लेखातील तळटाकीत पंप चालू असताना 20ऐवजी 30 से.मी. पाणी ठेवले, तर नळीचे तोंड जास्तीत जास्त किती खोल ठेवता येईल?